काउंटी म्हणजे तालुका की जिल्हा? (मो येनच्या कादंबऱ्या वाचताना पडलेले प्रश्न)

पानगळ
चिनी नोबेलविजेते लेखक मो येन यांची लसणावरची कादंबरी (मूळ चिनी १९८८) इंग्रजीतून वाचते आहे. त्यातल्या दोन प्रकरणांचं मराठी करून बघायचं आहे, पण पहिल्याच पानावर अडले. सगळं घडतं ते 'थ्येनथांग काउंटी'त. थ्येनथांग म्हणजे स्वर्ग, तेवढं कळलं. काउंटीला काय म्हणू? तालुका, जिल्हा, परगणा?

दुसरा प्रश्न शेतीचा. लसणाच्या दांड्यांना भाव नाही, शीतगृह भरलं, गाड्या परत पाठवल्या, मग दंगल. पण भाव नाही तर दांडे काढायचेच कशाला? राहू देत शेतात. आणि तिसरा, हे ठिकाण खरं आहे की कल्पित? याच लेखकाच्या बाकी कादंबऱ्या 'गाओमी ईशान्य श्यांग' नावाच्या भागात घडतात. दोन्ही एकच का?

कोरडवाहू
पहिल्या प्रश्नापुरतं. आकार बघाल तर तालुका. गाओमीचंच घ्या: शानतुंग प्रांत, सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, २०१० च्या जनगणनेत नऊ लाखांच्या आतबाहेर वस्ती. माणसं जरा दाट, पण पसारा आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढाच. चीनभर काउंटी दर्जाचे भाग २८०० च्या आसपास आहेत. चिनी शब्द 'श्येन'.

उतरंड अशी लावा: प्रांत, मग विभाग, मग श्येन, मग श्यांग (आठ-दहा खेड्यांचा किंवा त्याहून मोठा गट), मग गाव. १९५८ पासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खालच्या पायऱ्यांची नावं वेगळी होती. श्यांगाच्या जागी कम्यून, गावाच्या जागी उत्पादन ब्रिगेड, आणि त्याखाली वीस-तीस घरांची उत्पादन-टोळी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'ब्रिगेडचा प्रमुख' वाचलं की डोळ्यांपुढे लष्करी गणवेश येतो. तो बिचारा गावचा सरपंच असतो, फक्त हजेरीपुस्तक त्याच्या ताब्यात. हजेरी म्हणजे श्रमगुण: धडधाकट पुरुषाला दिवसाला दहा, बाईला बहुतेक ठिकाणी त्याहून कमी. वर्षअखेर टोळीच्या उत्पन्नातून देणी वजा करायची आणि उरलेल्याला एकूण गुणांनी भागायचं, तेव्हा एका गुणाची किंमत ठरायची. म्हणजे वर्षभर राबताना माणसाला आपली मजुरी किती ते माहीतच नसायचं. कादंबरीत कुणी 'आज दहा मिळाले' म्हणालं तर ते पैसे समजू नका.

१९९४ मध्ये गाओमी 'शहर' झालं, वेइफांग या विभागाच्या हाताखालचं. ते फक्त दर्जापुरतं. शेतं तिथेच आहेत.

मिठाचा_खडा
तालुका म्हणायला माझा विरोध. क्षेत्रफळ तालुक्याचं असेल, पण सत्ता जिल्ह्याची आहे, आणि या कादंबरीचा विषयच सत्ता आहे.

श्येनच्या गावात काय काय असतं ते मोजा. पक्षाची समिती, सरकार, न्यायालय, सरकारी वकिलांचं कार्यालय, पोलिसांचं मुख्यालय आणि कच्च्या कैद्यांची कोठडी. पकडणं, डांबणं, खटला, शिक्षा, सगळं एका गावात आणि बहुतेकदा एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत उरकतं. आपल्या तालुक्याच्या गावी तहसीलदार असतो, वरच्या कोर्टासाठी जिल्ह्याला जावं लागतं. तिथे शेतकऱ्यापुरतं राज्य श्येनपाशीच संपतं. पुढे प्रांताची राजधानी, आणि तिथवर बैलगाडी जात नाही.

अजून एक खाचखळगा. 'काउंटी प्रशासक' आणि 'काउंटी पक्ष-सचिव' ही दोन वेगळी माणसं. कागदावर सरकारचा प्रमुख प्रशासक, पण शब्द चालतो सचिवाचा. दोघांनाही 'जिल्हाधिकारी' केलंत तर अर्धे संवाद निरर्थक होतील.

१९५८ च्या कायद्याने आलेली घरनोंदणीही लक्षात ठेवा. जन्मतः शिक्का: शेतकरी किंवा बिगरशेतकरी. बिगरशेतकऱ्याला रेशनचं धान्य, नोकरी, मुलांची शाळा. शेतकऱ्याला श्येनच्या गावी कायमचं राहताच येत नसे. म्हणून 'तो सरकारी धान्य खातो' हे वाक्य कादंबरीत स्थळ सांगताना येतं, मुलीच्या बापाच्या तोंडी येतं. सैन्यभरती ही सुटकेची एक वाट. मो येन स्वतः १९७६ मध्ये त्याच वाटेने बाहेर पडले.

परगणा तर अजिबात नको. तो शब्द आला की मागे देशमुख-देशपांडे येतात. 'श्येन' ठेवा, पहिल्या वेळी एका वाक्यात अर्थ सांगा आणि मोकळ्या व्हा.

बांधावरची
दांड्यांबद्दल. आधी शब्द पक्का करू या. ही लसणाची पात नव्हे. पात म्हणजे पानं. हा फुलदांडा: कडक मानेच्या लसणाच्या मधोमध येणारा गोल, भरीव, हिरवा दांडा, टोकाला मिटलेली कळी. आपल्या बाजारात येणाऱ्या बहुतेक जातींना तो धड येतच नाही, म्हणून आपल्याकडे त्याला रुळलेला शब्द नाही. चीनमध्ये ती रोजची भाजी आहे.

वेळापत्रक शानतुंगचं. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पाकळ्या टोचायच्या. रोप थंडीत जमिनीलगत दबून राहतं, मार्चमध्ये उठतं. मेच्या सुमारास दांडा बाहेर येतो आणि टोक वाकायला लागतं, तेव्हा उपटायचा. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी गड्डा.

उपटायचा दुपारी. सकाळी रोप पाण्याने टम्म असतं, दांडा मध्येच काडकन मोडतो आणि खालचा तुकडा आत राहून कुजतो. उन्हाने रोप जरा मलूल झालं की बेचक्यातून सरळ वर ओढायचा, मुळापासून पांढरा भाग धरून सुळकन निघतो. पानं फाटता कामा नयेत, कारण गड्डा अजून त्यांच्याच जिवावर भरायचा असतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दांडा ठेवला तर झाड सगळा जोर कळीत घालतं आणि गड्डा बारीक राहतो. म्हणजे भाव असो नसो, दांडा काढावाच लागतो, तोही आठ-दहा दिवसांच्या खिडकीत, सगळ्या श्येनने एकाच वेळी. वर्षाचं दुसरं पीक वाचवायचं तर पहिलं बाजारात ओतणं भाग आहे. ही कोंडी कळली नाही तर शेतकरी मूर्ख वाटतात.

काढल्यावर काय होतं? मेच्या उन्हात ढिगात ठेवला तर दोन-चार दिवसांत बुडखा पोकळ व्हायला लागतो, हिरवा रंग पिवळा पडतो, टोकाची कळी फुगते (ती दांड्यातलंच अन्न ओढते) आणि मधला भाग सुतळीसारखा चिवट होतो. आणखी थोडे दिवस गेले की बुरशी आणि वास. शून्य अंशाच्या आसपास, वारा खेळता ठेवून, नीट थंड करून मग पिशव्यांत भरला तर तोच दांडा कित्येक महिने टिकतो. शून्याच्या फार खाली गेला तर गोठून काळा पडतो, दार उघडझाप होऊन पाणी सुटलं तर सडतो. त्यामुळे शीतगृहाचं दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात वर्षाचा भाव. कादंबरीत सगळं येऊन थांबतं ते त्या दारापाशीच.

तिरपागडा
म्हणजे लासलगावचा कांदा म्हणा की.

बांधावरची
तुलना थोडीच जुळते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो, शेतकरी वाट बघू शकतो. दांड्याला चाळ नाही. आणि तिथे लिलाव नव्हता, सहकारी पुरवठा-विक्री संस्थेचं शीतगृह हाच गिऱ्हाईक. शिवाय वाटेत वसुली: रस्त्याची, बाजार व्यवस्थापनाची, वजनकाट्याची, स्वच्छतेची. माल विकला जाण्याआधीच. रोकड नसेल तर त्याच गाडीतले दांडे द्यायचे.

उंबरठा
तिसरा प्रश्न, खरं की खोटं. इथे तीन नकाशे एकावर एक ठेवलेले आहेत, ते सुटे करावे लागतात.

पहिला, खरा गाओमी. लेखकाचा जन्म १९५५ चा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका गावात. दुसरा, 'गाओमी ईशान्य श्यांग'. हे त्या कोपऱ्याचं जुनं नाव. १९८५ च्या सुमाराच्या कथांत ('पांढरा कुत्रा आणि झोपाळा' त्यातलीच) ते पहिल्यांदा येतं आणि नंतर फुगतच जातं. गाओमी सपाट आहे, पण कादंबऱ्यांतल्या ईशान्य श्यांगात टेकड्या, दलदल, वाळूचे टापू, जे लागेल ते उगवतं. हा भूगोल नव्हे, हे लेखकाने स्वतःच वारंवार सांगितलंय. तिसरा नकाशा थ्येनथांग. त्याच्या मागे घटना आहे ती मे १९८७ मधली, त्सांगशान नावाच्या श्येनमधली, शानतुंगच्याच दक्षिण टोकाला. लसणाचे दांडे पडून राहिले आणि शेतकरी सरकारी कार्यालयात घुसले. त्या श्येनचं नाव २०१४ मध्ये लानलिंग झालं. लेखकाने घटना तिथली घेतली, माणसं, चुली आणि शिव्या आपल्या गावच्या घातल्या आणि पाटी लावली 'स्वर्ग'. वर्षभराच्या आत पुस्तक तयार. म्हणून थ्येनथांगला नकाशावर शोधू नका, आणि 'स्वर्ग तालुका' असं भाषांतरही करू नका. ते विनोदी होतं. 'थ्येनथांग' ठेवून अर्थ एकदा सांगितला की टोमणा आपोआप लागतो.

खरं-कल्पित यांची सरमिसळ कशी होते त्याचा एक नमुना देतो. 'लाल ज्वारी'मध्ये (लघुकादंबरी १९८६, पूर्ण पुस्तक १९८७) दगडी पुलापाशी जपानी मोटारींवर हल्ला होतो. तसा हल्ला खरोखर झाला होता, सुनचियाखोऊ गावच्या पुलावर, च्याओलाय नदीवर. पण तो १९३८ च्या वसंतात. कादंबरीत तारीख आहे १९३९, जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याची नऊ, म्हणजे २१ सप्टेंबर. वसंतात ज्वारी कुठे असते? तेव्हा ती पेरायची असते. उघड्या माळावर दबा धरून कोण बसणार? तारीख सरकवली आणि तीन मीटर उंच, लाल कणसांची भिंत दोन्ही बाजूंना उभी राहिली. पुस्तकाचं नावच त्या तारखेवर उभं आहे.

कोरडवाहू
उंबरठा, हे मस्त. ज्वारीवर मला बोलायचंच होतं.

मराठी वाचकाला इथे इंग्रजी वाचकापेक्षा फायदा आहे, पण त्यातच फसगतही आहे. पीक तेच, आपलीच ज्वारी. म्हणून 'सोर्गम' किंवा 'काओलियांग' लिहायचं काही कारण नाही. पण आपण ज्वारी म्हटलं की सोलापूर-मंगळवेढ्याची रब्बी, पांढरा टपोरा दाणा, काळी भुई, पाऊस संपल्यावरचा ओलावा आणि हुरडा. गाओमीची याच्या उलट. एप्रिल-मेमध्ये पेरणी, सप्टेंबरात कापणी, मधले दोन महिने धो धो पाऊस. दाणा तांबडा, टरफलात टॅनिन, त्यामुळे कडवट-तुरट. पक्षी कमी खातात, माणसंही नाइलाजाने खातात. दारूला मात्र उत्तम. कणीस घट्ट मुठीसारखं नसतं, मोकळं झुलणारं असतं.

मग कडवट पीक घ्यायचंच कशाला? पाण्यामुळे. ईशान्य गाओमी म्हणजे खोलगट भाग, च्याओलाय खोऱ्याची बशी. जुलै-ऑगस्टात पाणी तुंबतं. राळा, सोयाबीन मरतात. ज्वारी एकदा कमरेइतकी झाली की गुडघाभर पाण्यात काही दिवस उभी राहते. सत्तरच्या दशकापर्यंत पाण्याचा निचरा झाला तसा मका-गहू आला आणि उंच ज्वारी हटली. 'लाल ज्वारी'वरच्या सिनेमाच्या वेळी (१९८७, बर्लिनला १९८८ मध्ये सुवर्ण अस्वल) गाओमीत ज्वारी मुद्दाम पेरून घ्यावी लागली होती. नोबेलनंतर, २०१२ मध्ये, पर्यटनासाठी दहा हजार मू (सहा मूंचा एकर) ज्वारी लावण्याच्या बातम्या आल्या. तोवर शेतकऱ्यांनी ती कधीच सोडून दिलेली.

पुस्तकाच्या शेवटी निवेदक गावी परततो आणि त्याला दिसते ती बुटकी, हायनान बेटावरून आलेली संकरित ज्वारी. तो तिच्यावर तोंडसुख घेतो. इंग्रजीत ही जागा प्रतीकासारखी वाचली जाते. मराठीत 'हायब्रीड' एवढाच शब्द टाका, सत्तरच्या दशकात हायब्रीडची भाकरी खाल्लेल्या घरांना पुढचं समजावून सांगायला नको.

ताटांचे उपयोग सांगून थांबतो. उन्हाळ्यात खालची पानं ओरबाडून काढायची, वारा खेळतो आणि वैरण मिळते. कापणीनंतर धांडे सरपणाला, कुंपणाला, छपराखालच्या थराला. 'स्टॉक फेन्स'ला सरळ 'कूड' म्हणा. धांड्याची साल सोलून तिच्या पट्ट्यांची चटई विणतात, ती खांगवर अंथरतात.

पानगळ
खांग म्हणजे विटांचा पलंग ना? मी 'चुलीवरचा पलंग' लिहिलंय.

कोरडवाहू
खाट चुलीवर ठेवल्यासारखं वाटतंय ते! खांग हा पलंग नाहीच, घराचा भाग आहे. खोलीच्या रुंदीएवढा कच्च्या विटांचा ओटा, गुडघ्याहून थोडा उंच. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर त्याच्या पोटातल्या नागमोडी भुयारातून फिरून पलीकडच्या भिंतीतल्या धुराड्यातून बाहेर जातो. म्हणजे रात्रीचं जेवण शिजलं की अंथरूण गरम. चुलीकडची बाजू सगळ्यात ऊबदार, ती म्हाताऱ्यांची किंवा पाहुण्यांची. कोण कुठे बसलं यावरून मान कळतो, तेव्हा कादंबरीत 'खांगच्या टोकाशी' असं आलं की कुठलं टोक ते बघा. भुयार काजळीने चोंदलं की धूर खोलीत उलटतो. म्हणून काही वर्षांनी खांग फोडतात, आणि धूर प्यालेल्या त्या विटा कुटून शेतात खत म्हणून टाकतात. 'खांग' तसाच ठेवा. फार तर 'खांगाचा ओटा'.

भट्टीचा_धूर
दारूची प्रकरणं करणार असाल तर 'वाइन' हा शब्द आधी पुसा. इंग्रजीत सवयीने 'वाइन' येतं. ही वाइन नव्हे, गाळलेली दारू आहे, पन्नास टक्क्यांच्या वरची. त्यामुळे भोवती द्राक्षबाग नको, हातभट्टी हवी.

कृती थोडक्यात. ज्वारी भरडायची, पीठ करायचं नाही. एका दाण्याचे चार-सहा तुकडे पुरे, पीठ झालं तर वाफ जात नाही आणि लगदा होतो. गरम पाणी शिंपडून मुरवायची, मग वाफवायची. फरशीवर पसरून फावड्याने उलटत थंड करायची. मग विरजण. चिनी नाव 'छ्यू': गहू किंवा बार्ली-वाटाण्याच्या ओल्या भरडीच्या विटा महिनाभर बंद खोलीत ठेवून बुरशी धरू दिलेल्या, नंतर वाळवून कुटलेल्या. भरड हाताला कोमट लागते तेव्हाच विरजण घालायचं. गरम असताना घातलं तर विरजण मरतं, फार गार झाल्यावर घातलं तर आंबणं सुरूच होत नाही. कोरडंच मिश्रण जमिनीत पुरलेल्या रांजणात किंवा खड्ड्यात दाबून वर मातीचा लेप. लेपाला भेग पडली की हवा शिरते आणि दारूऐवजी आंबट पाणी. म्हणूनच मोसम कापणीनंतरचा. उन्हाळ्यात रांजण तापतो आणि माल आंबतो.

आंबलेल्या मालात भाताचं तूस मिसळायचं, वाफेला वाट मिळावी म्हणून. कमी पडलं तर वाफ एकाच जागी फुटून वर येते, जास्त झालं तर दारूला तुसाचा वास. मग लाकडी पिंप, बुडाला जाळी, अगदी मोदकपात्रासारखं, खाली पाण्याची कढई, वर थंड पाण्याचं भांडं. त्याचं नाव छान आहे, 'आभाळकढई'. वाफ तिच्या बुडाला लागून थेंब होते, खालच्या पळीत पडते आणि नळीतून बाहेर येते. आभाळकढईतलं पाणी तापलं की लगेच बदलायचं, नाहीतर दारू हवेत जाते. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे कौतुक. तिथे पहिली थोडी धार बाजूला काढतात, डोकं धरणारे हलके अंश तिच्यात असतात. मधली ठेवायची, शेवटची पाणचट पुन्हा भट्टीत. कुठे थांबायचं ते वाडग्यात पडणाऱ्या बुडबुड्यांवरून ठरतं: मोठे आणि टिकणारे म्हणजे कडक, बारीक होऊन लगेच विरणारे म्हणजे संपत आली. बुडबुड्यांना तिथे 'फुलं' म्हणतात, आणि ती ओळखणारा तो उस्ताद. तीन चिन धान्याला साधारण एक चिन दारू.

सिनेमात ही दारू लालभडक दाखवलीय. प्रत्यक्षात ती पाण्यासारखी रंगहीन असते. लाल रंग दिग्दर्शकाचा, भाषांतरात आणू नका.

मिठाचा_खडा
मापं एका जागी टाकतो. मू म्हणजे सुमारे ६६७ चौरस मीटर, आपले साडेसहा गुंठे. एकरात सहा मू. चिन ५०० ग्रॅम. ली अर्धा किलोमीटर (इंग्रजीत कधी कधी 'माइल' करतात, मग अंतर तिप्पट होतं). एक युआन म्हणजे दहा माओ, शंभर फन. लिआंग जपून. १९५९ पर्यंत सोळा लिआंगांचा चिन होता, त्यानंतर दहांचा. जुन्या काळातल्या पात्राने 'आठ लिआंग' म्हटलं तर ते बरोब्बर अर्धं. 'अर्धा चिन आणि आठ लिआंग' ही म्हण त्यातूनच, आपलं उडदामाजी काळे-गोरे.

वयातून एक वजा करा, कधी दोन. जन्मताच एक धरतात आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वाढतं.

उंबरठा
श्येनचा जुना चेहरा हवा असेल तर 'चंदनी मृत्युदंड' (२००१) बघा. १९०० चा गाओमी. तिथला श्येन-अधिकारी सातव्या श्रेणीचा, म्हणजे राजदरबारात अगदी खालचा, पण श्येनमध्ये न्यायाधीश, फौजदार आणि करवसुलीदार तोच. त्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, त्यामुळे तो कायम परका आणि स्थानिक बोली समजायला हाताखालच्या कारकुनांवर अवलंबून. याला 'मामलेदार' म्हणायचा मोह होईल. मी तरी म्हणेन.

त्यातला रेल्वेविरोध हवेतला नाही. जर्मनांनी छिंगताव ते चीनान मार्ग १८९९ ते १९०४ मध्ये बांधला. गाओमीकर उठले त्याचं कारण थडगी आणि भुतंखेतं असं सांगितलं जातं. ते होतंच, पण मुळात पुन्हा पाणी: खोलगट भागात भराव टाकला आणि पाण्याच्या वाटा अडल्या, शेतं बुडायची भीती. वर कोरडवाहूंनी सांगितलेली बशी ती हीच. आणखी एक, कादंबरीतलं 'मांजर-गाणं' हे नाट्यसंगीत लेखकाचं. खऱ्या गाओमीत 'माओछियांग' नावाचा लोकनाट्यप्रकार आहे. त्यातल्या 'माओ'चा सूर जरा बदलला की 'मांजर' होतं. तेवढ्यावर अख्खं म्यावम्याव उभं केलंय.

दिवेलागण
नात्यांबद्दल कुणीच बोललं नाही. 'लाल ज्वारी'चा निवेदक विशीतल्या पालखीच्या भोयाला सुरुवातीपासून 'माझे आजोबा' म्हणतो. चिनी क्रियापदाला आदर-अनादर नाही, तिथे काम सोपं. मराठीत 'आजोबांनी तिला ज्वारीत उचलून नेलं' म्हटलं की 'आजोबांनी'तला आदर आणि कृती एकमेकांशी भांडायला लागतात. 'आज्याने' म्हटलं तर गावरान होतं, पण मोकळं होतं. माझं मत 'आजा'. निवेदकाला आदर आहेच, पण तो क्रियापदात नाही, बढाईत आहे.

उलट 'बेडूक'मध्ये (२००९) मराठीची चांदी. इंग्रजीत नुसती 'आँट', मूळ शब्द 'कूकू', म्हणजे बापाकडची, आत्या. आणि ती सख्खी नाही, चुलत आत्या. इंग्रजीने गमावलेलं नातं आपल्याला फुकट परत मिळतं. लसणाच्या कादंबरीतले 'फोर्थ अंकल' म्हणजे भावंडांत चौथे, क्रम आहे तो. 'चौथे काका' असंच ठेवा, नावाने हाक मारणं तिथे मोठ्यांच्या बाबतीत बसत नाही.

उच्चार: लेखकाचं नाव मराठी वर्तमानपत्रांत 'मो यान' छापलं जातं. उच्चार 'येन'च्या जवळचा. अर्थ 'बोलू नकोस'. मूळ नाव क्वान मोये. त्यातल्या 'मो' या अक्षराचेच दोन तुकडे करून हे टोपणनाव बनवलंय.

पानगळ
सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं. तर असं ठरवते: 'श्येन' आणि 'खांग' तसेच, 'थ्येनथांग'चा अर्थ एकदाच, दांड्याला 'फुलदांडा', नावांत चिनी पद्धतीने आडनाव आधी. लसणाआधी 'लाल ज्वारी'ची सुरुवात करून बघते. पहिल्या वाक्यातली तारीख 'आठव्या महिन्यातल्या शुद्ध नवमीला' अशी घेऊ का? त्यांचा महिनाही चांद्रच आहे, आपल्यासारखा, अधिक मासासकट.

उंबरठा
नको. त्यांची पहिली तारीख अमावास्येच्या दिवशीच पडते, आपली प्रतिपदा दुसऱ्या दिवशी. त्यामुळे त्यांची नऊ ही बहुधा आपली अष्टमी असते. शिवाय ते शुद्ध-वद्य करत नाहीत, सरळ तीसपर्यंत मोजतात. 'आठव्या महिन्याच्या नऊला' असं लिहा.